काजू बीवर शुल्क, गरावर शुल्क: आयातबंदीचा हिशेब खानापूरच्या एका घरातून

२०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढली की राज्यातला ऊस पुढच्या एप्रिलअखेरपर्यंत दुसऱ्या राज्यात नेता येणार नाही. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता. ऊस कमी पडेल, तेव्हा तो आपल्याच कारखान्यांना मिळावा, एवढाच हेतू. पण कागल, शिरोळ, गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्यांना त्याचा अर्थ त्याच दिवशी कळला. कर्नाटकातला निपाणी-चिकोडीकडचा कारखाना जास्त दर देत असेल तर ऊस तिकडे घालायचा, ही तिथली जुनी वहिवाट. शेत एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात, मधे कोगनोळीची हद्द. शेतकरी संघटना उठल्या आणि काही दिवसांतच सरकारला ती बंदी मागे घ्यावी लागली.

देशाच्या आयात-निर्यातीबद्दल कुणी विचारलं की मी आधी हा प्रसंग सांगतो. बंदी घातली होती 'आपल्या' कारखान्यासाठी, आणि तिची किंमत मोजणार होता 'आपलाच' शेतकरी. बाहेरच्या कुणाचं त्यात फारसं काही जाणार नव्हतं. परदेशी मालावर भिंत उभी राहते तेव्हा बातमीत 'चीनला दणका', 'व्हिएतनामला चाप' असे मथळे येतात. पण त्या भिंतीमुळे बहुतेक पैसा देशातल्या देशात एका घरातून दुसऱ्या घरात जातो. कुणाकडून कुणाकडे, हे नीट पाहिलं तर हा विषय अवघड राहत नाही.

आधी भिंत म्हणजे काय ते पाहू. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि आपल्याकडचे राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. देशाचा नाका मात्र आहे, तो बंदरावर आणि विमानतळावर. तिथे परदेशी मालावर जो कर घेतात ते आयात शुल्क. समजा बाहेरून एक वस्तू १०० रुपयांना येते आणि तिच्यावर २० टक्के शुल्क आहे. म्हणजे ती इथे १२० ला पडणार. आता तीच वस्तू बेळगावच्या उद्यमबागेतला एखादा कारखानदार बनवत असेल, तर त्याला १०० ला विकायची गरज उरत नाही. तो ११८ सांगू शकतो. गिऱ्हाईक निमूट देतं, कारण बाहेरची १२० ला आहे. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या ११८ वाल्या वस्तूने नाका ओलांडलेलाच नाही. तिच्यावर सरकारला आयात शुल्काचा एक पैसा मिळाला नाही. तरी गिऱ्हाइकाच्या खिशातले १८ रुपये जास्तीचे गेले, ते कारखानदाराकडे. त्यातून त्याने दहा पोरांना काम दिलं, नवीन यंत्र घेतलं, तर ते पैसे सत्कारणी लागले. तसेच ठेवून घेतले तर नाही. शुल्काच्या सगळ्या वादाचं मूळ या १८ रुपयांत आहे.

आता काजू.

खानापूर, चंदगड आणि बेळगावच्या पश्चिमेचा सगळा डोंगरपट्टा काजूचा. माझ्या मावशीची खानापूर तालुक्यात शंभरेक झाडं आहेत. शिमग्याच्या सुमारास बोंडं पिकायला लागली की ती आणि घरातली माणसं पहाटे बी गोळा करायला जातात. बी वाळवायची, पोत्यात भरायची, बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला घालायची. वर्षाचा रोख पैसा म्हणजे हाच. आणि मावशीची सून, म्हणजे माझी वहिनी, बेळगावजवळच्या एका काजू कारखान्यात सोलणीला जाते. तिथे बी उकडतात, फोडतात, भट्टीत सुकवतात, आणि मग वहिनीसारख्या बाया छोट्या सुरीने गरावरची तांबडी साल काढतात. मजुरी किलोवर. गर अखंड निघाला तर भाव चांगला, तुकडा झाला की उतरला.

मावशीची बी एप्रिल-मेमध्ये संपते. आजूबाजूच्या गावांचीही संपते. कारखान्याला मात्र बाराही महिने बी लागते. ती कुठून येते? आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया. पश्चिम आफ्रिकेतला हंगाम साधारण आपल्याच सुमारास, टांझानियाचा मात्र ऑक्टोबरपासून पुढे. जहाजाने बी बंदरात उतरते, तिथून ट्रकने आपल्याकडे. म्हणजे वहिनीच्या हातात दिवाळीत जी बी असते ती बहुधा आफ्रिकेतली.

आता एकाच घरातले दोन हिशेब पाहा. मावशीला वाटतं, बाहेरची बी येऊच नये. आली तर तिच्यावर जबर शुल्क असावं, म्हणजे आपल्या बीचा दर चढेल. वहिनीला वाटतं, बाहेरची बी स्वस्त यावी, नाहीतर पावसाळ्यानंतर कारखाना बंद आणि घरी बसायची पाळी. दोघी खोटं बोलत नाहीत. दोघींच्या मागण्या रास्त आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

गराच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं. सोललेला तयार गर व्हिएतनामहून स्वस्तात आला तर कारखाना मरतो, वहिनीचं काम जातं, आणि कारखानाच नसला तर मावशीची बी तरी घेणार कोण? त्यामुळे गरावरच्या शुल्कावर घरात एकमत आहे.

सरकारचं धोरणही याच दिशेने गेलं. कच्च्या बीवरचं मूळ आयात शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्क्यांवर आणलं. पुढच्या वर्षी, २०१९ च्या जुलैत, काजूगरावरचं शुल्क ४५ वरून ७० टक्के केलं. कच्च्या मालाला दार उघडं, तयार मालाला बंद.

यातलं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. साधारण चार किलो बीपासून एक किलो गर निघतो. आकडे सोयीसाठी धरू: बी १२० रुपये किलो, म्हणजे चार किलोचे ४८०. गराचा जागतिक भाव ६०० रुपये. कारखान्याकडे उरले १२०. त्यातून मजुरी, जळण, वीज, बँकेचं व्याज, मालकाचा नफा. आता सरकारने बीवर १० टक्के शुल्क लावलं. दहा टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण ४८० वर ४८ रुपये वाढले आणि हातात १२० ऐवजी ७२ राहिले. दहा टक्क्यांच्या शुल्काने कारखान्याची कमाई चाळीस टक्के खाल्ली. उलट, बीवर काही न लावता गरावर १० टक्के लावलं, तर गर ६६० पर्यंत विकता येतो आणि हातात १८० राहतात. कमाई दीडपट.

वर्तमानपत्रात 'शुल्क दहा टक्के' एवढंच छापून येतं. ते कच्च्या मालावर की पक्क्या मालावर, आणि मधे काम करणाऱ्याच्या हातात मुळात किती उरत होतं, हे पाहिल्याशिवाय त्या दहाचा काही अर्थ लागत नाही. थोड्या फायद्यावर चालणारे धंदे, म्हणजे काजू, वडगाव-शहापूरचे यंत्रमाग, उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्र्या, दोन-चार टक्क्यांच्या फरकाने उभे राहतात किंवा झोपतात.

मग नुसत्या शुल्काच्या भिंतीने व्हिएतनामचा गर थांबतो का? शुल्क मालाच्या किमतीवर असतं. ६०० चा गर कागदावर ३०० चा दाखवला तर शुल्कही अर्धं. शिवाय तुकडा काजू जनावरांचं खाद्य म्हणून आत येतो, अशीही तक्रार होती. म्हणून शुल्क ७० टक्के करण्याच्या महिनाभर आधीच, २०१९ च्या जूनमध्ये, किमान आयात किंमत वाढवली: तुकड्याला किलोमागे ६८० रुपये, अखंड गराला ७२०. त्याखालच्या किमतीचा माल आत आणायलाच बंदी. शुल्क म्हणजे नाक्यावरचा पैसा, तर किमान किंमत म्हणजे दाराची उंची ठरवून देणं. तेवढा उंच नसलेला माल आतच येत नाही.

या सगळ्याने कारखान्यांना श्वास मिळाला, यात शंका नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकेकाळी जगाला काजूगर पुरवण्यात भारत पहिला होता. ती जागा व्हिएतनामने घेतली, आणि ती मुख्यतः बी फोडण्या-सोलण्याची यंत्रं लावून घेतली. आज जगात सर्वांत जास्त काजू आपण खातो, त्यामुळे भिंतीच्या आतलं गिऱ्हाईकच पुरेसं होतं आणि बाहेर जाऊन झगडायची निकड राहत नाही. भिंतीने दिलेला वेळ सुधारणेसाठी वापरला गेला का, हा प्रश्न प्रत्येक संरक्षित धंद्याला विचारलाच पाहिजे. वहिनीच्या बोटांना काजूच्या तेलाने पडलेले काळे चट्टे मी पाहिलेत. भिंतीमुळे वाढलेल्या कमाईतला किती भाग त्या बोटांपर्यंत पोचला, हे शुल्काच्या कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

काजूत निदान कच्चा माल आणि पक्का माल वेगळे ओळखता येतात. सोयाबीनचं प्रकरण जास्त गुंत्याचं. निपाणी, चिकोडी, बैलहोंगल इकडे खरिपात सोयाबीन भरपूर. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो, पाम, सोया, सूर्यफूल. २०२४ च्या सप्टेंबरात, सोयाबीन निघायच्या तोंडावर, सरकारने कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५. तेलाच्या डब्याचा भाव दिवाळीआधीच चढला. सोयाबीनला मात्र त्या हंगामात ४,८९२ रुपये क्विंटलचा हमीभावही बाजारात मिळेना.

असं का? सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम अठरा टक्के. बाकी बहुतेक पेंड. बीचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त अवलंबून, आणि पेंडीचा भाव जगात पडलेला होता. भिंत घातली तेलाला आणि मार बसत होता पेंडीला. पुढे मे २०२५ च्या शेवटी कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आलं, रिफाइंडचं तसंच राहिलं. त्याने फायदा झाला तो देशातल्या तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांचा. त्याच काळात नेपाळहून रिफाइंड सोया तेल भरभरून येत होतं. नेपाळात सोयाबीन किती पिकतं? फारसं नाही. पण दक्षिण आशियाई देशांच्या करारामुळे तिथून येणाऱ्या तेलावर शुल्क नाही. बाहेरचं कच्चं तेल नेपाळात उतरवायचं, शुद्ध करायचं आणि इकडे पाठवायचं. चेकपोस्ट चुकवून आतल्या रस्त्याने जाणारे ट्रक सीमाभागाने खूप पाहिलेत, तसाच हा प्रकार, फक्त पूर्णपणे कायदेशीर.

कापसाचंही असंच. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के शुल्क होतं. २०२५ च्या २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. तयार कपड्यांचे निर्यातदार अडचणीत येणार हे दिसताच त्यांना धागा स्वस्त पडावा म्हणून सरकारने कापसावरचे ते ११ टक्के आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानातला कापूस नेमका त्याच महिन्यांत बाजारात येतो. वॉशिंग्टनमध्ये भिंत उभी राहिली, तयार कपड्यांच्या तिरुप्पूरला दिलासा द्यायचा होता, आणि भार सौंदत्तीच्या शेतकऱ्यावर टेकला.

शुल्काखेरीज आणखी हत्यारं आहेत. एखादा देश आपला माल त्याच्या घरच्या भावापेक्षा कमी भावात इथे ओतत असेल तर चौकशी करून त्याच्यावर वेगळं शुल्क लावता येतं. आयात एकदम फुगली तर ठराविक मुदतीचं संरक्षक शुल्क लावता येतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये काही प्रकारच्या पोलादी पत्र्यांवर १२ टक्के लावलं होतं, ते असं, आधी दोनशे दिवसांसाठी. मग कोटा, म्हणजे वर्षाला इतकाच माल. आणि भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा करणं, हेही एक दारच. पोलादाला संरक्षण मिळालं की पोलाद वापरणाऱ्याचा माल महाग होतो, हे उद्यमबाग आणि मच्छेच्या वर्कशॉपवाल्यांना सांगायला नको.

मागचा इतिहास थोडक्यात. १९९१ पर्यंत काही वस्तूंवरचं आयात शुल्क ३०० टक्क्यांच्या वर होतं आणि असंख्य गोष्टी परवान्याशिवाय आणताच येत नव्हत्या. १९९१ नंतर शुल्क उतरत गेलं. परवान्याची शेवटची मोठी यादी, ७१५ वस्तूंची, १ एप्रिल २००१ ला उठली. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने केलेला दावा भारत हरला होता, म्हणून. त्या संघटनेत प्रत्येक देशाने प्रत्येक वस्तूवर 'याच्या वर जाणार नाही' अशी रेघ मारून दिलेली असते. पाम तेलावर आपली रेघ ३०० टक्क्यांची, सोया तेलावर फक्त ४५ ची. म्हणजे सोया तेलावर कितीही मनात आलं तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही.

आतापर्यंत बाहेरून येणारा माल पाहिला. आपल्या भागाला जास्त झोंबते ती उलटी भिंत, म्हणजे निर्यातबंदी. बेळगाव जिल्ह्यात दोन डझनांहून अधिक साखर कारखाने आहेत. साखरेच्या आयातीवर २०१८ पासून १०० टक्के शुल्क आहे, म्हणजे बाहेरची साखर येत नाही. शेतकऱ्याचं संरक्षण झालं, असं वाटेल. पण २०२२ च्या जूनपासून साखर बाहेर पाठवायलाही मर्यादा घातली आणि तिची मुदत पुढे वाढवत नेली. कोंडलेल्या बाजारात साखरेचा भाव शहरातल्या गिऱ्हाइकाला सोसेल एवढाच राहतो. कारखान्याने ज्याच्याखाली साखर विकू नये तो दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला. उसाचा केंद्राने ठरवलेला दर मात्र त्याच काळात क्विंटलला २७५ वरून २०२५-२६ साठी ३५५ झाला. मधल्या फरकात कारखाना अडकतो आणि शेवटी शेतकऱ्याचं बिल अडकतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३,५०० मागत दिवसेंदिवस बसले. राज्य सरकारने ३,३०० वर तोडगा काढला. मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, त्यात साखरेचा ३१ चा दर आणि निर्यातीवरचे निर्बंध या दोन्हींचा उल्लेख होता. आंदोलन रस्त्यावर दिसलं, पण त्याचं एक टोक दिल्लीच्या निर्यात धोरणात होतं.

कांद्याची कहाणी तर बेळगावच्या बाजार समितीत कुणीही सांगेल. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, डिसेंबरात पूर्ण बंदी, २०२४ च्या मेमध्ये बंदी उठली पण शुल्क आणि किमान किंमत राहिली, सप्टेंबरात शुल्क २० वर, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला. कांदा लावताना एक नियम, काढताना दुसरा, चाळीतून बाहेर काढताना तिसरा. पिवळ्या वाटाण्याचंही तसंच. २०२३ च्या डिसेंबरात शुल्कमुक्त केला, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एकदम ३० टक्के. बेसनात हरभऱ्याच्या जागी हा वाटाणा चालतो, त्यामुळे बैलहोंगलकडे हरभरा पेरणाऱ्याने कोणता भाव धरून पेरायचं?

मला विचाराल तर भिंत असावी की नसावी, या वादात मी कुठल्याच टोकाला नाही. कोरियासारख्या देशांनी भिंतीआड कारखाने वाढवले, हे खरं आहे. आपल्याकडे भिंतीआड कित्येक धंदे सुस्तावले, हेही खरं. माझी तक्रार वेगळी आहे. भिंत घालताना ती किती वर्षांसाठी आणि त्या बदल्यात कारखान्याने काय करून दाखवायचं, हे सांगितलं जात नाही. आणि शेतमालाची भिंत तर पीक दारात आल्यावर हलवली जाते. शेतकऱ्याचा निर्णय पेरणीला झालेला असतो. त्यानंतर बदललेला नियम त्याच्यासाठी गारपिटीइतकाच आंधळा.

गेल्या उन्हाळ्यात मी मावशीकडे गेलो होतो. पडवीत बी वाळत पडली होती. वहिनी कारखान्यातून येऊन पाय धूत होती. मी विचारलं, सरकारने बीवरचं शुल्क वाढवावं की काढून टाकावं? मला वाटलं, सासू-सुनेत जुंपेल. मावशी म्हणाली, वाढवावं. वहिनी जरा थांबली आणि म्हणाली, "वाढवा नाहीतर काढा. पण काय असंल ते शिमग्याआधी सांगा गा. आमचा मालक आफ्रिकेची बी शिमग्यालाच बोलून ठेवतो. मागनं दर बदलला की आमची सोलणी बंद करतो, आणि आत्तींची बी पण घेत नाही."

मावशीने पोत्यावरची बी चाळता चाळता मान हलवली. ही मागणी मात्र दोघींची होती.